मागच्या सीटवरचा बाजार: मुलांसाठी गाडीत काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

मुलांना गाडी लागते ती सकाळी खाल्लेल्या पोह्यांमुळे, असा घरोघरी समज आहे. पोह्यांचा दोष त्यात थोडाच. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण वळतोय, आणि मांडीवरच्या टॅब्लेटच्या पडद्यात अडकलेले डोळे सांगत असतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोघांचं जुळलं नाही की मळमळ सुरू होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त. म्हणून मागच्या सीटसाठी विकल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूची किंमत नंतर बघायची. आधी एवढंच बघायचं, की ती हातात आल्यावर मुलाची मान वर राहते की खाली जाते.

या एका कसोटीवर निम्मा बाजार गळून पडतो. उरलेल्यातलं काय पैसे वसूल करतं, ते पुढे आहे. प्रवास डोळ्यांसमोर ठेवलाय तो गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबई-पुण्याहून कोकणात जाण्याचा, म्हणजे मध्ये एखादा तरी घाट, चहाच्या दोन सुट्ट्या आणि माणगावसारख्या ठिकाणी हमखास गर्दी. समृद्धी महामार्गाचा हिशेब वेगळा आहे, तो जिथे लागेल तिथे सांगितला आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण या वस्तू दहा नावांनी मिळतात आणि घडण एकच असते.

बूस्टर सीट: खेळणं नाही, पण पहिला नंबर याचाच

पाच-सहा वर्षांचं मूल मागच्या सीटवर नुसतं बसवलं तर त्याला काय दिसतं? पुढच्या सीटची पाठ आणि खिडकीतून आभाळाचा एक तुकडा. कंटाळा तिथूनच सुरू होतो. बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या जादा बैठकीवर, बसलं की डोळे खिडकीच्या काठाच्या वर येतात, रस्ता दिसतो, म्हशी दिसतात, समोरून येणारी एसटी दिसते. मान आपोआप वर. गाडी लागण्याचं प्रमाणही याने कमी होतं, कारण डोळ्यांना आणि कानांना एकच गोष्ट कळत असते.

पाठ असलेला बूस्टर साधारण १५ किलोंच्या पुढच्या मुलांसाठी. नुसती बैठक असलेला, बिनपाठीचा, १२५ सेंटिमीटर उंची आणि २२ किलो वजन झाल्यावरच. त्याआधी बिनपाठीचा घेतला तर पट्टा गळ्यावर घासतो आणि मूल तो हळूच काखेखाली सरकवतं. अपघातात तीच सवय महागात पडते. पट्टा बरोबर बसला की नाही ते दोन ठिकाणी बघायचं: वरचा भाग खांद्याच्या मधोमध, गळ्याच्या हाडावरून, आणि खालचा भाग पोटावर नाही तर मांड्यांच्या वरच्या टोकाशी. बूस्टरला खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन टोकांचा पट्टा लागतो. मागच्या मधल्या सीटवर तुमच्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा असेल तर बूस्टर तिथे ठेवायचा नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चालकाला १,००० रुपये दंड आहे. तरीही लोक बूस्टरवर दोन हजार घालायला का-कू करतात आणि टॅब्लेटच्या स्टँडवर तेवढेच हसत घालतात. आमचं मत सरळ आहे: एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच.

सीटच्या पाठीला लावायचा ऑर्गनायझर

पुढच्या सीटच्या मागे लटकणारी, खिशाखिशांची ती झूल. साधारण ४०० ते १,५०० रुपये. हिचे दोन उपयोग खरे आहेत. मुलांच्या चपलांनी सीटची पाठ मळत नाही आणि बाटली, टिश्यू, पाटी, खाऊचा डबा मुलाच्या हाताच्या अंतरावर राहतात, म्हणजे दर पाच मिनिटांनी पुढच्या सीटवरून मागे वळावं लागत नाही.

लावताना मात्र लोक घाई करतात. वरचा पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांभोवती जातो. स्वस्त गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये हेडरेस्ट सीटलाच जोडलेला असतो, दांड्या नसतातच. तिथे पट्टा अख्ख्या हेडरेस्टभोवती गुंडाळावा लागतो आणि तो दर स्पीडब्रेकरला वर सरकतो. अशा सीटला लांब पट्ट्याचाच ऑर्गनायझर लागतो. खालच्या बाजूचे दोन प्रकार आहेत. एकात पट्टा सीटच्या खालून फिरतो, दुसऱ्यात प्लास्टिकच्या चकत्या असतात आणि त्या बैठक व पाठ यांच्या फटीतून आत ढकलायच्या. चकत्यांचा प्रकार घ्यावा. खालून फिरणारा पट्टा सीट पुढे-मागे करण्याच्या रुळात अडकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सीटखालच्या वायरींना ओढ लागते. तिथे पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात ना, ते एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. त्यांना पट्टा लागता कामा नये.

पुढच्या सीटच्या कडेत एअरबॅग असेल (सीटच्या बाजूच्या शिवणीवर छोटं लेबल असतं) तर सीटला पूर्ण वेढणारा, कव्हरसारखा ऑर्गनायझर घ्यायचाच नाही. फक्त पाठ झाकणारा घ्या.

खिशांबद्दल एक बारकी गोष्ट. जाळीचे खिसे चांगले, कारण आत काय आहे ते दिसतं आणि ओली बाटली वाळते. झाकणं असलेले, चेनचे खिसे मुलांना एका हाताने उघडता येत नाहीत. वर पारदर्शक प्लास्टिकचा टॅब्लेटचा खिसा असतो; त्यात टॅब्लेट घातला की मागून प्लास्टिक, पुढून प्लास्टिक, वर ऊन. तासाभरात तो तापतो, आधी पडदा मंद करतो आणि मग चार्जिंग थांबवतो. दुकानदार टॅब्लेट खराब झाला म्हणेल. खराब काही नसतं, एसीची हवा लागली की पुन्हा चालतो.

आणि ट्रे. ऑर्गनायझरला जोडून खाली उघडणारा जेवणाचा ट्रे फोटोत फार देखणा दिसतो. दोन कापडी पट्ट्यांवर टांगलेला तो ट्रे चालत्या गाडीत पुढच्या बाजूला झुकतो, ग्लास सांडतो आणि ब्रेक दाबला की मुलाच्या छातीसमोर कडक फळी उभी असते. गाडी थांबलेली असताना वडापाव खायला ठीक. चालत्या गाडीत बंद. तेवढ्यासाठी चारशे-पाचशे रुपये जास्त देण्यात अर्थ नाही. मांडीवर ठेवायचा, मऊ काठांचा, खाली फोम असलेला ट्रे त्याहून बरा. काठ तीन-चार सेंटिमीटर उंच असला म्हणजे पेन्सिल घरंगळत नाही. पण त्यावर जे काही ठेवाल त्यासाठी मान खालीच जाणार, हे लक्षात ठेवून घ्यावा.

टॅब्लेट आणि त्याचे स्टँड

पडदा देऊच नये असं सांगणारे लोक बहुधा आठ तासांच्या प्रवासाला मुलं घेऊन गेलेले नसतात. प्रश्न पडदा कुठे आणि कधी, एवढाच आहे.

स्टँडचे तीन प्रकार मिळतात. पहिला, हेडरेस्टला लवचीक पट्ट्याने बांधायचा. स्वस्त, पण टॅब्लेट थरथरतो आणि थरथरता पडदा बघून डोकं दुखतं. दुसरा, हेडरेस्टच्या दोन दांड्यांवर चिमट्याने घट्ट बसणारा. हा पक्का. फक्त दांड्यांमधलं अंतर आणि दांडीची जाडी दोन्ही मोजून घ्यायला हवं, कारण चिमटा ठरावीक मापापर्यंतच उघडतो. तिसरा, दांडीवरून निघून दोन्ही सीटच्या मधोमध येणारा लांब हात. दोन मुलं आणि एक टॅब्लेट असेल तर हाच, म्हणजे “तुझ्याकडे वळवलास” हे भांडण मिटतं. मात्र हात जितका लांब तितकी डुगडुग जास्त. दहा इंची टॅब्लेट साधारण अर्धा किलोचा असतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर स्क्रू हळूहळू सैल होतो. प्रत्येक थांब्यावर तो हाताने एकदा पिळून बघायचा. सुटा, हातात धरलेला टॅब्लेट जोरात ब्रेक लागल्यावर कुठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून पडदा वापरायचाच असेल तर स्टँड घेतलाच पाहिजे.

स्टँडचा खरा फायदा म्हणजे पडदा डोळ्यांच्या उंचीवर येतो. मान वर राहते, कडेने रस्ताही दिसत राहतो. तरीही घाटात बंद. ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, आंबोली, कुठलाही असो, पायथा यायच्या दहा मिनिटं आधी टॅब्लेट उतरवायचा. चढायला लागल्यावर काढून घेतला तर मूल रडतं आणि रडत-रडत उलटी करतं. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथली जुनी वळणं टळली आहेत, तो पट्टा आता पूर्वीइतका वाईट नाही.

समृद्धीवर मात्र गणित उलटं. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, जवळजवळ सरळ रस्ता, वळणं सौम्य, दोन्हीकडे बघण्यासारखं फार काही नाही आणि पेट्रोल पंप व स्वच्छतागृहं लांब-लांब. मळमळीचा धोका कमी, कंटाळ्याचा जास्त. पडद्याचे तास वापरायचेच तर तिथे वापरावेत. त्या रस्त्यावर मोटारींना १२० किलोमीटरपर्यंतचा वेग चालतो, तेव्हा स्टँड पक्का आहे ना हे तिथे दुप्पट तपासावं.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन गोष्टी. जे बघायचं ते डाउनलोड करून टॅब्लेट एरोप्लेन मोडवर टाका आणि प्रत्येक फाइल खरंच उघडून बघा. काही ॲपमध्ये डाउनलोडची मुदत संपते आणि ते इंटरनेटशिवाय कळतच नाही. घाटात रेंज नसताना ते कळलं तर काही उपाय नाही. दुसरं, चार्जर. मागे दिलेला यूएसबी पॉइंट पुष्कळ गाड्यांत फोनपुरताच जोर देतो. टॅब्लेट चालू ठेवून त्यावर लावला तर चार्ज वाढण्याऐवजी उतरत राहतो. पुढच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये किमान २० वॉटचा चार्जर आणि दोन मीटर वायर लावा. ती वायर गिअरच्या बाजूने न आणता सीटच्या बाहेरच्या कडेने आणा.

हेडफोन

मुलांचे म्हणून विकले जाणारे हेडफोन बहुतेक ८५ डेसिबलवर आवाज अडवतात. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची सुरक्षित पातळी त्याहून कमी आहे: ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. म्हणजे डब्यावर ‘सेफ’ लिहिलं असलं तरी टॅब्लेटचा आवाज सेटिंगमधून निम्म्यावर आणूनच ठेवायचा.

वायरचे घ्यावेत. ब्लूटूथला चार्जिंगची एक कटकट वाढते, आणि दोन मुलांना एकाच टॅब्लेटवर दोन ब्लूटूथ जोडणं पुष्कळ उपकरणांवर जमत नाही. वायरचे दोन हेडफोन शंभर-दोनशे रुपयांच्या दुतोंडी जॅकने जोडले की काम झालं. फक्त तुमच्या टॅब्लेटला गोल जॅक आहे का ते बघा. नव्या पुष्कळ मॉडेलांना नाही, मग टाइप-सीचा जोड लागतो. पाठ असलेल्या बूस्टरला डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असतात. मोठ्या गोल कपांचे हेडफोन त्यात अडकतात आणि मूल डोकं पुढे काढून बसतं, म्हणजे सीटचा निम्मा उपयोग गेला. कापडी पट्टीत शिवलेले चपटे स्पीकर मिळतात, झोपतानाही टोचत नाहीत, ते यासाठी चांगले. तीन वर्षांखालच्या मुलाला हेडफोन लावूच नयेत.

ऐकायच्या गोष्टी: सर्वांत कमी खर्च, सर्वांत जास्त तास

कसोटीवर शंभर टक्के उतरणारा प्रकार हाच. मान वर, डोळे खिडकीबाहेर, तोंड बंद, आणि घाटातही चालतो. गोष्टींची ॲप आहेत, मराठीतही बरंच काही मिळतं. पण पाच-सात वर्षांच्या मुलाला घरच्या आवाजातली गोष्ट जास्त वेळ धरून ठेवते. आजीला किंवा मामाला फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून द्यायला सांगा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला फुसफुस येते. एक गोष्ट आठ-दहा मिनिटांची. मुलाचं नाव गोष्टीत दोनदा आलं तर सोन्याहून पिवळं.

फाइल एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर टाकली की गाडीच्या स्टिरिओवर थेट वाजते. एमपीथ्री करताना आवाजाचा दर्जा निवडावा लागतो, साध्या बोलण्याला ६४ केबीपीएस पुरतं. दहा मिनिटांची गोष्ट साधारण ५ एमबी, म्हणजे सगळ्यात छोटा पेनड्राइव्हही पुरून उरतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, म्हणजे कॉम्प्युटरवर फॉरमॅट करताना FAT32 हा पर्याय निवडायचा. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे इंग्रजी आकडे घाला. नाहीतर स्टिरिओ गोष्टी स्वतःच्या क्रमाने वाजवतो आणि राक्षस मेल्यावर राजकन्या पळवली जाते. जुन्या स्टिरिओत देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, त्यामुळे नावं रोमन अक्षरांत ठेवलेली बरी.

आणखी एक सोय जवळजवळ प्रत्येक स्टिरिओत असते आणि फार थोडे लोक वापरतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘फेडर’ असतो. तो मागे ढकलला की गोष्ट फक्त मागच्या स्पीकरवर येते. चालकाच्या कानात सातव्यांदा कोल्हा-करकोचा जात नाही.

हातातले खेळ

एलसीडी पाटी. दीडशे ते तीनशे रुपये, साडेआठ इंची. खडू नाही, कागद नाही, बटण दाबलं की कोरी. मान खाली जाते खरी, पण एका वेळी मिनिट-दोन मिनिटांपुरतीच, आणि फुलीगोळा किंवा ‘मी काय काढलंय ओळख’ असे दोघांचे खेळ खेळले तर मधूनमधून वर येते. सरळ रस्त्यावर उत्तम. घेताना तीन गोष्टी बघा. मागे पुसण्याचं कुलूप असावं, नाहीतर लहान भाऊ ऐन वेळी बटण दाबतो. सेलच्या झाकणाला स्क्रू असावा, कारण आतला नाण्याएवढा चपटा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला जखम करतो आणि तेव्हा घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा लागतो. आणि पेनाला दोरी बांधता येईल असं भोक असावं. पेन हरवलाच तर आइस्क्रीमच्या काडीचं टोकही चालतं. अंधारात मात्र या पाटीवर काही दिसत नाही, तिला मागून उजेड नसतो. रात्रीच्या प्रवासासाठी ती घेऊ नका.

पाण्याने रंगवायची वही अडीच ते पाच वर्षांसाठी. पेनात पाणी भरायचं, पानावर फिरवलं की चित्र उमटतं, पाच-दहा मिनिटांत वाळून पुन्हा पांढरं. रंग सांडण्याची भीतीच नाही. पेन निम्माच भरायचा. गच्च भरला तर उन्हाने गरम होऊन टोकातून गळतो. पावसाळ्यात एसी बंद असेल तर पान वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा दोन वह्या आलटून-पालटून द्या. परत आल्यावर पेन उघडून वाळवला नाही तर टोकाच्या स्पंजला बुरशी धरते. दर वर्षी नवी वही घेणाऱ्यांना बहुधा नव्या पेनाचीच गरज असते.

चुंबकी सापशिडी आणि ल्युडो. घडीचा पट, सोंगट्या चिकटून राहतात, कल्पना छान. पण फासा चुंबकी नसतो. पहिल्याच डावात तो सीटखाली जातो आणि मग पट्टा सोडून वाकणं आलं. फासा चटणीच्या पारदर्शक डबीत घालून झाकण लावा आणि डबी हलवा. सोंगट्यांच्या तळाचे चुंबक नखाने ओढून बघा; सुटत असतील तर तो खेळ परत करा. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून ठेवतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हा खेळ गाडीत नकोच. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. महामार्गावरच्या टपरीवर प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेल्या खेळण्यावर ते शोधून बघा.

बाकीचं झटपट. मेणाचे खडू बंद गाडीत उन्हाने वितळून सीटवर बसतात. पिळून वर येणारे प्लास्टिकच्या नळीतले बरे. रंगीत पेन्सिलींना टोक करायला शार्पनर लागतो आणि त्याचा कचरा सीटच्या फटीत जातो. क्ले आणि स्लाइम यांना गाडीच्या दारातूनच परत पाठवावं. कापडी सीटमधून स्लाइम निघत नाही. पॉप-इट या बोटाने दाबायच्या बुडबुड्यांच्या खेळण्याचा टपटप आवाज मुलांना अर्धा तास आवडतो, मोठ्यांना पाच मिनिटं. पुन्हा-पुन्हा लागणारे फुगीर स्टिकर खिडकीच्या काचेवर लावायला छान, मान वर राहते. मुक्कामाला पोचल्यावर काढून घ्या, उन्हात राहिले तर गोंद काचेला धरतो.

फुकटात मिळणारं, आणि बहुतेक विकतच्यापेक्षा सरस

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी नंबरप्लेटसारखं खेळणं नाही. एका पुठ्ठ्यावर कोड लिहून द्यायचे: ०४ ठाणे, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, २० छत्रपती संभाजीनगर, ३१ नागपूर, ३४ चंद्रपूर, ४३ वाशी, ४६ पनवेल, असे पन्नासपर्यंत. नुसतं ओळखण्यात मजा नाही, गुण लावायचे. गणपतीच्या दिवसांत मुंबई-ठाण्याचे ०१ ते ०४ आणि ४७ ढिगाने दिसतात, त्यांना एक गुण. सिंधुदुर्ग-रत्नागिरीला दोन. विदर्भातली गाडी कोकणात दिसली तर पाच. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी, पिवळी म्हणजे भाड्याची, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली, आणि ही शेवटची सावंतवाडीच्या पुढे, गोव्याकडे जाताना वाढत जाते. बीएच मालिकेची पाटी २०२१ पासून आली, ती वर्षाच्या दोन आकड्यांनी सुरू होते; तिला दहा गुण, कारण ती कुठल्या जिल्ह्याची तेच कळत नाही.

यात बिघडतं काय? मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचता येत नाहीत, फक्त पुढे जाणाऱ्यांच्या दिसतात, म्हणून खेळ मंदावतो. मग डाव टोलनाक्याच्या रांगेसाठी राखून ठेवा. रांगेत अडकलेली पंधरा मिनिटं त्यातच जातात. दुसरं, मोठं भावंड प्रत्येक वेळी जिंकतं. धाकट्याला पाट्या न देता लालपरी मोजायला द्या, त्याचे गुण वेगळे. “मी आधी पाहिली” यावर भांडण होणारच, त्यासाठी डावी खिडकी डावीकडच्या गाड्या, उजवी खिडकी उजवीकडच्या, असा नियम निघतानाच करून टाका.

गावांच्या नावांच्या भेंड्या कोकणच्या रस्त्यावर एका जागी अडकतात. रत्नागिरीवरून ‘र’, राजापूरवरून पुन्हा ‘र’, असं चाललं की संगमेश्वर येतं आणि तेही ‘र’वरच. चिपळूण आलं तर ‘ण’, आणि ‘ण’वरून गाव आणायचं कुठून? म्हणून शेवटून दुसरं अक्षर घेण्याची सवलत प्रत्येकाला तीनदा द्या. गाण्याच्या भेंड्यांत ‘ळ’ आणि ‘ण’ला हाच नियम. चालकाला कुठल्याच डावात घेऊ नका. आठवण्याच्या नादात माणूस आरसा बघायचा विसरतो.

खिडकीची जाळी, आणि एक डबा

उन्हासाठी काचेला चिकटवायच्या काळ्या जाळ्या मुलांच्या सामानातच विकल्या जातात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. जाळी किंवा पडदा लावलात तरी पोलीस अडवू शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी जाळीने मुलाची खिडकीच काढून घेतली जाते आणि वर सांगितलेलं सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा जागा बदला. मुंबईहून दक्षिणेला जाताना सकाळचं ऊन डाव्या बाजूने येतं, दुपारनंतर उजव्या. उन्हाचा त्रास ज्याला जास्त त्याला सकाळी उजवीकडे बसवा, जेवणाच्या थांब्यानंतर डावीकडे. उतरवताना मात्र दोघांनाही डाव्या दारानेच उतरवायचं.

मनोरंजनाचं सामान कितीही चांगलं असलं तरी एखादी उलटी होतेच. घट्ट झाकणाचा जुना प्लास्टिकचा डबा पिशवीपेक्षा भरवशाचा. पिशवीला भोक असतं हे उलटी झाल्यावर कळतं. डब्यात दोन वर्तमानपत्रं, ओले टिश्यू, एक हातरुमाल, खाण्याच्या सोड्याची पुडी (कापडी सीटवर भुरभुरून अर्ध्या तासाने झटकली की वास बराच जातो) आणि मुलाचा एक जोड कपडे. हा डबा डिकीत नाही, पुढच्या सीटखाली. गोळी द्यायची असेल तर ती आधी डॉक्टरांना वजन सांगून लिहून घ्या आणि निघण्यापूर्वी द्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुधा बाहेरच येते. रिकाम्या पोटी नेऊ नका, तेलकटही देऊ नका. कोरडी चपाती, काकडी, राजगिऱ्याचा लाडू चालतो. चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे आणि चोखायच्या गोळ्या नाहीत.

खरेदी गणपतीच्या आठवड्यात करू नका. तेव्हा स्टँड आणि ऑर्गनायझर महाग असतात आणि बसला नाही तर बदलून मिळेपर्यंत तुम्ही गावाला पोचलेले असता. दोन आठवडे आधी मागवा, गाडीत लावून बघा, जवळच्या एखाद्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून फिरवून आणा. दुकानात जाणार असाल तर हेडरेस्टच्या दांड्यांमधलं अंतर, दांडीची जाडी आणि टॅब्लेटची कव्हरसकट जाडी, ही तीन मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या. कव्हर चढवलेला टॅब्लेट चिमट्यात मावत नाही, ही या सामानाबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार आहे.